कसली हुशार!

टॅबलेट घेऊन आलेल्या त्या पोरीचा मला अजून राग येतो. ती नवीन होती, तिला जे सांगितलं ते तिने केलं, तिचं काही चुकलं नाही, हे मला सगळं कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं कोणी सांगितलं? माझा नाही जात.

आमची लॅब घाटकोपरला. उपनगरांतल्या छोट्या छोट्या सेंटरांवर लोकांचं रक्त काढतात, ते ट्यूबांतून आमच्याकडे येतं, आम्ही मशीनवर चढवतो, येणारे आकडे पटण्यासारखे आहेत का ते बघतो आणि मग रिपोर्ट जातो. माझ्या सेक्शनच्या इन्चार्ज बाई रिटायर झाल्या आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. ती वर्षभर रिकामीच राहिली आणि वर्षभर ते काम मी केलं. कोणाची कुठली पाळी ते लावायचं, मशीन बंद पडलं की इंजिनिअरच्या मागे लागायचं, रिपोर्टला उशीर झाला की डॉक्टरांच्या शिव्या खायच्या, सगळं मी. सही मात्र वरच्या सरांची. मला ती खुर्ची हवी होती. यात लाजायचं काय? पहाटेच्या पाळीतून कायमची सुटका होती, दारावर नाव लागलं असतं, आणि मुख्य म्हणजे ती माझी होती. मी ती घासूनपुसून ठेवली होती.

सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं, लवकरच नाव ठरेल. आणि त्याच मीटिंगमध्ये सांगितलं की कंपनीला आता आपल्या माणसांची काळजी आहे. कुठूनतरी बाहेरचे तज्ज्ञ आणलेत, ते आपली नोकरी आणि आपलं घर यांच्यातली ओढाताण मोजणार आहेत. मोजणार! मी शेजारच्या बाईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. सर म्हणाले, "इन्चार्ज निवडताना आपण फक्त काम नाही, पूर्ण माणूस बघणार." पूर्ण माणूस म्हणजे काय ते आम्हा बायकांना लगेच कळलं. पुरुषांना कळायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली. केस मोकळे, गळ्यात कार्ड, बोलणं साखरेत घोळलेलं. एकेकीला पँट्रीत बसवून वाक्यं वाचून दाखवायची. कामावरून घरी गेल्यावर मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही. घरचं काही निघालं की माझं कामातलं लक्ष उडतं. माझ्या पाळीमुळे घरच्यांचे बेत बिघडतात. प्रत्येक वाक्याला एक ते पाच. अजिबात नाही म्हणजे एक, नेहमी म्हणजे पाच. "मॅम, मोकळेपणाने सांगा हां, हे कोणालाही कळणार नाही." कोणालाही म्हणजे माझ्या सरांना सोडून कोणालाही ना? असं मी मनात म्हटलं आणि तिच्याकडे बघून गोड हसले.

कपडे बदलायच्या खोलीत आमचं आधीच ठरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक, एक, एक. जिची आई घरात अंथरुणाला खिळली होती तिनेही एक. जिचं पोर पाळणाघरात रोज रडत होतं तिनेही एक. मी मधूनच दोन-तीन ठिकाणी दोन दिला, कारण सगळे आकडे सारखे आले की मशीनवर कोणाचा विश्वास बसत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत होतं.

आमच्यातल्याच एका माणसाने मात्र बिनधास्त पाच-पाच ठोकले. माझ्याच सेक्शनला, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. डबा खाताना सांगत होता, "मी तर खरं ते सांगितलं. पोरीच्या गॅदरिंगला जाता आलं नाही, वाईट वाटतं ना यार. ती मॅडम पण सेंटी झाली." आणि बायकोने करून दिलेली मेथीची भाजी पोळीने पुसून खात होता. मी म्हटलं, अरे, गॅदरिंगला तुझी सुट्टी मीच लावली होती, तू मित्रांबरोबर गोराईला गेलास. तर म्हणतो, "ते वेगळं गं." वेगळं!

आठवड्याभराने पोरगी परत. म्हणे, बऱ्याच जणींचं उत्तर सारखंच आलंय, म्हणून आता सगळ्यांच्याच घरच्या एका माणसाशीही बोलायचं ठरलंय. घरी येऊन. आता हे आम्हीही करतो. नमुना संशयास्पद वाटला की दुसरा मागवतो. तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे, अंधेरीला. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मला नको हां त्यात. माझं महिनाअखेरचं क्लोजिंग आहे. आईला विचारू दे ना, ती घरीच असते."

"अरे, पण तू नवरा आहेस."

"मग? आईला जास्त माहितीये घरातलं."

हे मात्र त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं असेल.

तर सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यावर भांडुपला आले, इथेच गेले. आईंनी या घराला खांदा दिला आणि अजून तो काढलेला नाही. माझ्या पोराला अंघोळ घालण्यापासून त्याच्या शाळेच्या रिक्षावाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं त्या करतात. त्या नसत्या तर माझी नोकरी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच बुडाली असती. हे मी कबूल करते. आमचं पटत मात्र नाही, हेही तितकंच खरं.

आदल्या संध्याकाळी त्या बांगडे साफ करत होत्या, तेव्हा मी समोर बसून समजावलं. "आई, उद्या ऑफिसातून एक मुलगी येईल. घरातलं विचारेल. माझी बढती आहे त्याच्यावर. काहीही विचारलं तरी सांगायचं, सगळं बरं चाललंय."

"बरा हा म्हणान सांगतलंय," त्या म्हणाल्या. "माका काय येडी समाजलंस?"

मी निश्चिंत झाले. आणि तिथेच माती खाल्ली. कारण इतकी वर्षं त्या घरात राहून मी एक गोष्ट विसरले होते. आपल्या माणसाबद्दल, आपल्या वस्तूबद्दल परक्यासमोर चांगलं बोलायचं नाही, हा आईंचा धर्म आहे. नातू बाळसेदार दिसतो असं कोणी म्हटलं की, "कसलो बाळसेदार! खायत नाय, पियत नाय." मी नवा फ्रिज घेतला तेव्हा समोरच्या बाईला त्यांनी सांगितलं, "जुनो हा, कोणाचो तरी वापरलेलो." फ्रिजवरचं कंपनीचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मी तेव्हा हसले होते.

या सगळ्यामागे एक मुलगी आहे. माझ्या नवऱ्याच्या आधीची. गावाला असताना दोन वर्षांची होऊन गेली. एका बाईने अंगणात उभी राहून म्हटलं होतं, किती गोमटी गं तुझी लेक, आणि तेव्हा तरुण असलेल्या आई फुशारकीने म्हणाल्या होत्या, होय तर, माझा चेडू तसाच हा. आठवड्यात तापाने गेली. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून त्यांच्या तोंडून कौतुक बाहेर पडलेलं नव्हतं. नजर लागायला काही ठेवायचंच नाही, हा त्यांचा उपाय.

पोरगी आली ती माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. नियम असा की ज्याचं चाललंय त्याने समोर बसायचं नाही. बसायचं नाही तर नाही. आमच्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पडदा आहे, दार नाही. मी ओट्याशी उभी राहून चहाचं आधण ठेवलं आणि कान बाहेर लावले.

आणि त्या अतिशहाण्या पोरीने पहिलंच वाक्य काय टाकावं? "आजी, तुमच्या सूनबाई किती हुशार आहेत हो! ऑफिसमध्ये सगळे म्हणतात, आता मोठ्या साहेब होणार."

संपलं. माझ्या हातातला साखरेचा डबा हातातच राहिला.

"कसली हुशार!" आईंचा आवाज आला. ठणठणीत, शेजारच्या घरापर्यंत जाईल असा. "शिकलेली हा म्हणान काय झाला? तिचो पाय घरात ठरणा नाय."

"म्हणजे कामामुळे त्यांना घरी वेळ देता येत नाही?"

"खयचो वेळ! जेवण माकाच करूक लागता. पोराक पण मीच बघूचा."

टॅबलेटवर बोट टेकल्याचा टक् असा आवाज. पाच.

"घरी आल्यावर चिडचिड होते का त्यांची?"

"चिडचिड? तोंडाचो पट्टो चालू असता नुसतो."

टक्.

मी चहा न गाळताच कप घेऊन बाहेर आले. "आई, अहो, त्यांना ते परवाचं सांगा ना, आपण सगळे जुहूला गेलो होतो ते—" पोरगी लगेच, "मॅम, प्लीज, तुम्ही आत थांबा ना, नाहीतर डेटा खराब होतो." डेटा! माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून मला आत जायला सांगते. मी गेले. सभ्य होते म्हणून गेले, आज असते तर टॅबलेट गॅलरीतून खाली टाकला असता.

आई मग सुटल्याच. मला आता दिसतंय की समोरची जितकं गोड बोलत होती, तितकी त्यांना भीती वाढत होती, आणि तितकं त्या मला खाली खाली नेत होत्या. "नातू तापान फणफणलेलो, तरी ही आपली गेली कामाक." अरे देवा. ते खरं होतं. त्या दिवशी मोठं मशीन बंद पडलं होतं, आलेले सगळे नमुने वाया गेले असते, लोकांना परत सुया टोचाव्या लागल्या असत्या. मी पोराला औषध देऊन, तासातासाने फोन करायचं ठरवून गेले होते आणि केलेही. पण त्या दिवशी घरात अजून कोण होतं ते सांगते. माझा नवरा. रजा घेऊन. मॅच होती. सोफ्यावर पाय पसरून, पोराच्या खाटेपासून चार पावलांवर. त्याच्याबद्दल त्या टॅबलेटमध्ये एक प्रश्न नव्हता. पोराचा बाप कुठे होता, असं ना त्या पोरीने विचारलं, ना आईंनी सांगितलं. विचारायचं असतं हेच दोघींना माहीत नव्हतं.

शेवटचा प्रश्न मला शब्दशः आठवतोय. "आजी, तुम्हाला वाटतं का की त्यांच्यावरचं काम कमी व्हायला हवं?"

"करूक व्हया," आई म्हणाल्या. "पण आयकता कोण?"

टक्.

पोरगी गेली. जाताना मला म्हणाली, "मॅम, तुमच्या सासूबाई किती क्यूट आहेत!" मी दार लावलं. वळते तो आई स्वयंपाकघरात, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. "बस थयसर," म्हणाल्या. "ती पोरगी बरी नाय. किती ग्वाड बोलत होती बघलंस? बसल्या बसल्या नजर लावन गेली." आणि मला स्टुलावर बसवून मूठ माझ्यावरून ओवाळायला लागल्या. आल्यागेल्याची, वाटेवरची, घरादाराची. मी सुन्न होते म्हणून बसले. जुना तवा तापलेला होता, त्याच्यावर त्यांनी मूठ टाकली. मीठ तडतडलं, मिरच्या काळ्या पडल्या. त्यांच्याकडे असं मानतात की मिरच्यांचा ठसका लागला तर काही नाही, आणि नाही लागला तर नजर लागलेली होती.

ठसका लागला नाही. डोक्यावर पंखा होता, गॅलरीचं दार सताड उघडं होतं, लागणार कसा? पण आईंना तेच हवं होतं. "बघलंस? ठसको इलोच नाय. केवढी लागली होती!"

मग माझा बांध फुटला. "अहो, तिने नाही, तुम्ही लावलीत! तुम्ही माझी वाट लावलीत आज! मी काय सांगितलं होतं काल? सगळं बरं आहे म्हणा, एवढं एकच वाक्य!"

"परक्यासमोर कोण बोलता असा? तुका काय झाला असता तर?"

"मला काय होणार होतं? बढती होणार होती!"

"ता चेडू पण..." असं त्यांनी सुरू केलं आणि मी ते पुरं होऊ दिलं नाही. मी म्हटलं, "तुमची मुलगी नजरेने नाही गेली. ताप होता, डॉक्टर लांब होता, वेळेत नेली नाही म्हणून गेली." हे बोलले. खरं आहे म्हणून बोलले, आणि त्यांना लागावं म्हणून बोलले. त्यांनी तवा उचलून बेसिनमध्ये ठेवला, त्याच्यावर पाणी सोडलं, आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्यात फक्त पोराच्या डब्यापुरतं बोलणं होतं. नवऱ्याला ते समजलंही नाही. उलट म्हणाला, घरात किती शांत वाटतंय.

ऑफिसात मला बोलावलं तेव्हा सरांच्या केबिनमध्ये एच.आर.च्या बाईही होत्या. टेबलावर टिश्यूचा डबा. तो बघूनच मला कळलं. बाई म्हणाल्या, तुमच्या उत्तरांत आणि घरच्यांच्या उत्तरांत खूप फरक पडलाय. तुम्ही सगळं आत दाबून ठेवता. संपूर्ण सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त ताण तुमचा निघालाय. आम्हाला तुमची काळजी वाटते.

"माझ्या कामात एक चूक दाखवा," मी म्हटलं.

"कामाचा प्रश्नच नाही. काम तुमचं उत्तमच आहे," सर म्हणाले. "पण उद्या तुम्ही कोलमडलात तर? आम्हाला माणूस महत्त्वाचा."

मी म्हटलं, माझ्या सासूबाई परक्यासमोर स्वतःच्या माणसाची निंदा करतात, तशी पद्धत आहे त्यांच्यात, दृष्ट लागू नये म्हणून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या बघण्याची आठवण आली की आजही माझ्या कानशिलातून वाफा निघतात. एच.आर.च्या बाईंनी डबा माझ्याकडे सरकवला. मी रडत नव्हते. मी त्यांना विचारलं, त्याचेही पाचच निघाले ना, गॅदरिंगवाल्याचे? मग त्याचं काय? तर म्हणाल्या, "त्याच्यात जाणीव आहे. स्वतः कबूल केलं त्याने. आणि त्याच्या घरच्यांनी सांगितलं की घरातली जबाबदारी सगळी बायको घेते, त्यामुळे त्याला तसा अडथळा नाही." बघा. मी विचारलं, माझ्या नवऱ्याला कोणी का नाही मोजलं? "ते आपल्याकडे नोकरीला नाहीत ना," बाई शांतपणे म्हणाल्या.

खुर्ची त्याला मिळाली. मला मिळालं भांडुपचं सेंटर. एका मेडिकलच्या बाजूचा गाळा, एक खुर्ची, एक सुयांचा डबा, एक फ्रिज. सकाळी लोकांचं रक्त काढायचं, ट्यूबा भरून घाटकोपरला पाठवायच्या, दुपारच्या आत घरी. पगार तोच, म्हणजे आभारच मानायला हवेत. ज्या मशीनांवर मी वर्षानुवर्षं घालवली त्यांचं तोंडही बघायला मिळत नाही. आता ट्यूबवर मी नाव लिहिते आणि आकडे तो बघतो. एकदा त्याचा फोन आला, "अगं, तुझ्या सेंटरचा एक नमुना खराब आलाय, जरा नीट काढत जा ना." मी फोन ठेवून दिला.

सगळ्यांना आनंदच झाला. नवरा म्हणाला, "बरंच झालं की! घराजवळ. ताण नाही, काही नाही, झकास." बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस. पोर मात्र दुपारी घरी आलं की मला बघून म्हणायचं, "आई, तुला कामावरून काढलं का?" त्याला बिचाऱ्याला तसंच वाटत होतं, आणि मी नाही म्हणून सांगायचे.

आई सगळं बघत होत्या. त्या बोलत नव्हत्या, पण दुपारी मी आले की त्यांची घालमेल व्हायची. त्यांचं स्वयंपाकघर दुपारचं त्यांचं राहिलं नव्हतं. मी कांदा चिरायला घेतला की त्या पाट आपटायच्या. मी उगाच कपाटं आवरायचे, त्या उगाच परत लावायच्या. एवढ्याशा घरात दोन बायका, दोघींना दुसरीचा राग, आणि संध्याकाळी मध्ये टी.व्ही. समोर नवरा.

काही महिन्यांनी दुपारी फोन वाजला. तीच पोरगी. कंपनीला परत मोजायचं होतं, आधीचं आणि आत्ताचं. "मॅम, आजींशी दोन मिनिटं बोलू शकते का? स्पीकरवर ठेवलं तरी चालेल, या वेळी साधंच आहे." मी फोन आईंसमोर ठेवला.

त्यांनी हाताने फोन झाकला आणि मला विचारलं, "काय बोलूचा ता सांग."

"काहीही बोला," मी म्हटलं. "आता काय फरक पडतो?"

आई जमिनीवर बसल्या होत्या, त्या नीट मांडी घालून ताठ बसल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला. मग फोनकडे तोंड करून, एकेक शब्द तोंडातून उपसून काढावा तशा बोलायला लागल्या. "आयक गो. माझी सून लाखात एक हा. दिवो घेवन शोधलास तरी अशी मिळाची नाय. घर बघता, पोराक बघता, माका बघता. कामात तर तिचो हात धरणारो कोण नाय. मागल्या टायमाक मी बोललंय ता सगळा खोटा. तिका कसलो त्रास नाय. सगळा बरा हा." बोलता बोलता त्या चटईच्या काड्या मोडत होत्या. त्यांच्या घामाचे थेंब मला दिसत होते. मी त्यांना कधीही, कोणाबद्दलही असं बोलताना ऐकलं नव्हतं. स्वतःच्या मुलाबद्दलही नाही.

पलीकडून टक्, टक्, टक्. "वॉव आजी! किती छान!" पोरगी खरंच खूश झाली होती. "म्हणजे बदलीचा खूप फायदा झाला म्हणायचा. मॅम, तुमचा ताण एकदम खाली आलाय! हे मी प्रेझेंटेशनमध्ये घेणार हां, नाव न सांगता."

फोन बंद झाला. आईंनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सरळ बघितलं. "बोललंय मी. सगळा बोललंय. आता देतले ना तुका ती खुर्ची?"

 त्यांच्या जन्माचं व्रत त्यांनी मोडलं होतं माझ्यासाठी, आणि त्यानेच माझ्या खुर्चीवर शेवटचा खिळा ठोकला गेला होता. भांडुपलाच मी सुखी आहे, हे आता आकड्यांत सिद्ध झालं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, त्या पोरीचा आला, माझा स्वतःचा आला. मी म्हटलं, "बघू."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बस थयसर. माझीच नजर लागात तुका, इतक्या बोललंय." परत मीठ, मोहरी, मिरच्या. मिरच्या या वेळी गावाहून आलेल्या, नव्या, लालभडक. मी स्टुलावर बसले. मोहरी मुठीतून माझ्या मांडीवर सांडत होती. आल्यागेल्याची, वाटेवरची, घरादाराची. आणि शेवटी, हे मी कधी ऐकलं नव्हतं, माझी. मग मूठ तव्यावर गेली.

असा ठसका उठला म्हणता! नाकातोंडात, घशात, डोळ्यांत. मी खोकतेय, त्या खोकतायत, श्वास घ्यायला जागा नाही. आणि खोकता खोकता आईंचा चेहरा उजळला. "नाय गो!" त्या म्हणाल्या. "बघ, केवढो ठसको! कोणाची म्हणान नजर नाय लागली तुका!"

"आई," मी म्हटलं, "लागायला आता माझ्याकडे आहे काय?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. फोनवर आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्या तव्याकडे बघत उभ्या राहिल्या, हातात सांडशी तशीच.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. "अरे, काय जाळताय यार तिकडे? एक्झॉस्ट लावा ना कोणीतरी!"

आईंनी मान वळवली. माझ्या लग्नापासून त्यांनी त्याला कधी आवाज चढवून हाक मारलेली नव्हती. "मेल्या, ऊठ," त्या पडद्याकडे बघून ओरडल्या, खोकत खोकत. "तुका हात हत ना? ऊठ आणि लाव तू!"

बाहेर मॅचचा आवाज जरा कमी झाला. आम्ही दोघी डोळे पुसत थांबलो. मग आवाज परत पहिल्यासारखा झाला.

एक्झॉस्टचा पंखा शेवटी मीच लावला.